आधी पाण्याला

बाबा सांगतात, आकडा खाली सोडला
की आधी तो पाण्याला टेकू द्यायचा.
वरचा पंखा हवा घुसळून
दोरात वीज भरतो.
ती समुद्राला देऊन टाकली नाही
तर ज्याला वाचवायला गेलो
त्यालाच झटका बसतो.

लढाईच्या त्या डिसेंबरात
दाबोळीहून तीनदा उडालं त्यांचं चेतक.
तेलानं काळे झालेले नऊजण वर घेतले.
एकाचा एक बूट पायात, दुसरा छातीशी:
नवे आहेत, म्हणाला.

दहावा पट्ट्यातून निसटला.
तेल होतं ना,
एवढंच बोलतात.

चिखलीला घरी आले ते नाताळच्या आदल्या संध्याकाळी.
शेजारची रोझालिना नेवऱ्यांचं ताट घेऊन अंगणात,
आई दारात, मी तिच्या कडेवर.
आई सांगते, आमच्याकडे आलेच नाहीत सरळ.
विहिरीवर गेले, बादली ओढली,
दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून
उभे राहिले. रोझालिनाच्या हातातलं ताट
अवघडलं, तरी उभेच.
मग मला घेतलं. ओल्या हातांनी.
मी रडले म्हणे, गार लागलं म्हणून.

आता विहिरीला पंप आहे.
रहाट गंजलाय, दोर मात्र काढू देत नाहीत.
कधी दुपारी, सगळे झोपल्यावर,
रहाट करकरतो.
खिडकीतून बघते:
दोराला बादली नाही.
पाण्याला टेकेपर्यंत सोडतात
आणि धरून ठेवतात,
बराच वेळ.