खुंट्या

आमच्या हॉटेलात खोल्या नऊ, नावं नद्यांची.
दारणा, कादवा, वालदेवी, बाणगंगा.
नासर्डीही होती यादीत,
पण नाशिकचा कोणता माणूस पैसे मोजून नासर्डीत झोपेल?
म्हणून पाटीवर नंदिनी लिहिलं.
तरी परवा गंगापूर रोडचा एक पाहुणा म्हणालाच,
वास येतोय हो.

मूळची ही धर्मशाळा. घाटापासून दोन गल्ल्या.
हिरवा ऑइलपेंट खरवडला तसा
आतून काळा दगड निघाला,
आता दगडाचा दर रात्रीला साडेसात हजार.
दिवे तांबट आळीतले, ठोके मुद्दाम दिसतील असे.
आल्या आल्या मनुकांचं सरबत
आणि वाळ्याच्या पाण्यात भिजवलेला रुमाल.

पडवीतल्या खुंट्या मात्र देवयानी मॅडमनी काढू दिल्या नाहीत.
सात खुंट्या, सागवानी, डोक्याच्या जरा वर.
"काय सुंदर झिजल्यात," म्हणाल्या,
आणि प्रत्येकीवर पिवळा उजेड सोडला.
पाहुणे तिथं टोप्या अडकवतात, कॅमेरे,
एकीनं योगाची चटई.
कशानं झिजल्या, ते कुणी विचारलं नाही.
मी रात्रपाळीचा, ओझरचा, मला तरी कुठं माहीत होतं.

माहीत होतं खैरनारांना.
ते धर्मशाळेचेच. इमारतीबरोबर आले, यादीत :
जुनी घंटा एक, पितळी समया दोन, रखवालदार एक.
आता त्यांना बंद गळ्याचा कोट आहे
आणि दाराशी नमस्कार करायचा आहे,
जो त्यांना अजून जमत नाही,
हात उशिरा जुळतात.

कार्तिकातली रात्र, पावणेबारा.
मूर्तिजापूरच्या कुसुम तायडे, एकट्या,
आधार कार्डावरच्या फोटोपेक्षा बारीक.
एका हातात बॅग. दुसऱ्या हातातली पिशवी
त्यांनी काउंटरवर ठेवली नाही, सोफ्यावर नाही,
सही करतानाही कोपरात लटकतच ठेवली.
मग हळूच : "हे कुठे ठेवू जी? ताई आहे माझी.
खोलीत नेत नाहीत ना. अन् खाली टेकवायचं नसते."

मी नियमांचं पान उघडलं.
कुत्र्यांचे नियम आहेत. बाहेरच्या खाण्याचे आहेत.
हुक्का, ड्रोन, लग्नाआधीचे फोटो.
मी पानं उलटत राहिलो, बाई उभ्या.

खैरनार दारातून आले, कुणालाही न विचारता.
तिसऱ्या खुंटीवरची एका जर्मन साहेबाची हॅट काढून
माझ्या रजिस्टरवर ठेवली,
लाल फडक्याची गाठ तेवढी चाचपली
आणि ती खुंटीला अडकवली
इतक्या सवयीनं, जसं कुणी घरी येऊन सदरा काढतं.
हात वेळेवर जुळले.

वरचा दिवा विझवू का, मी विचारलं.
"राहू द्या. तिला उजेड आवडायचा.
शाळेत शिकवायची. हॉटेलात कधी राहिली नाही,
पण कुणी कुठून आणल्या की
साबणाच्या त्या लहान वड्या मागून घ्यायची.
डबा भरलाय." हसल्या. मग वर गेल्या, वालदेवीत.

खैरनार खुंटीखाली स्टूल घेऊन बसले.
"एका वर्षी सातही भरलेल्या," म्हणाले.
"एकीवर तर सासू आणि सून.
रात्री कुरबुर नको, म्हणून मी मधे पंचा घातला."
हसावं की नाही, मला कळेना.
ते पंच्याची घडी कशी होती, ते हातानं दाखवत होते.

पाचला बाई न्हाऊन उतरल्या.
गाठोडं छातीशी धरून गंगेकडं गेल्या. चहासुद्धा नको म्हणाल्या.
साडेआठला साहेबानं हॅट मागितली. मी दिली.
त्यानं ती पुन्हा त्याच खुंटीवर अडकवली,
खैरनार बघत होते, काही बोलले नाहीत.

दहाला सफाईवाल्या पोरीची चिठ्ठी आली.
वालदेवी. पलंग एक वापरला, टॉवेल एक.
साबण दोन ठेवले होते, दोन्ही नाहीत.
मी पुढं शेरा लिहिला :
वापरले.