त्रेपन्न पॉइंट तीन

मुहर्रकच्या आमच्या खोलीत
सहा पलंग आणि दोन प्लग.
तिसरा फ्रिजचा, त्याला कोणी हात लावत नाही.

चार्जर मी आणला, अठरा दिनारला.
चुडामण म्हणाला, एवढ्यात दोन साधे आले असते.
साध्याला एकच येतं : भर.
हिरवा दिवा लागेपर्यंत भर,
लागल्यावरही थोडं भर.
याला सांगता येतं.
दोन बटणं, एक चाक, काचेमागं निळे आकडे,
कुठवर, किती वेगानं,
आणि कधी पुरे.

खुबुसच्या पिशवीवर बॉलपेननं
मी त्याला गुणाकार करून दाखवला.
तेरा सेल, एकामागं एक.
चार पॉइंट दोन झेपतात प्रत्येकाला,
आपण चार पॉइंट एकवर उठायचं ताटावरून.
तेरा गुणिले तेवढे : त्रेपन्न पॉइंट तीन.
दोन घास कमी, दोन वर्षं जास्त.

चुडामण म्हणाला, ते दोन घास म्हणजे
माझ्या रात्रीच्या शेवटच्या दोन ऑर्डरी.
मनामाकडून येताना पुलावर गाडी बसली
तर ढकलायला तू येणार?

मी गप्प.
चाक फिरवून चोपन्न केलं.
गणितातही शेजारधर्म असतो.

जुलैत तो दुपारी तीनला यायचा,
बॅटरी काखेत, तव्यावरून उतरवल्यासारखी,
आणि बूट न काढता सरळ प्लगकडे.
एकदा तर त्यानं ती फ्रिजात ठेवली, दह्याशेजारी.
नियाज परकार झोपेतून उठून ओरडला,
चिपळूणच्या सगळ्या शिव्या मला त्या दिवशी कळल्या.
मी म्हटलं, अर्धा तास फरशीवर राहू दे.
तापलेल्याला लगेच भरवायचं नसतं.

मग तोही बसला. नाइलाजानं.
भिंतीला पाठ, पाय लांब, डोक्यावर पंखा,
मोबाइल उलटा ठेवलेला.
सात महिन्यांत मी त्याला बसलेला
पहिल्यांदा पाहिला.
त्याच्या मोज्यांना टाचाच नव्हत्या.

नोव्हेंबरात तो शिरपूरला निघाला,
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, दोन महिने.
म्हणाला, भरून ठेवतो, आल्यावर लगेच लागेल.
नको, मी म्हटलं.
भरलेली ठेवली तर आतल्या आत झिजते,
रिकामी ठेवली तर मरते.
जाणाऱ्यानं मागं अर्धंच ठेवावं.
अठ्ठेचाळीस पॉइंट एक.

पण बॅटरीत होते बावन्न.
आता हे जास्तीचं कुठं ओतायचं?
म्हणून रात्री अकराला आम्ही दोघं
एका गाडीवर निघालो, अरादच्या किल्ल्याकडे.
ऑर्डर नव्हती. पत्ता नव्हता.
पाठीवर पेटी नसल्यानं तो सारखा
मागं वळून बघत होता, काहीतरी पडल्यासारखं.
खाडीचा वास, ओलसर वारा,
माझ्या नव्वद किलोंमुळे बॅटरी पटापट उतरत गेली
आणि तो पहिल्यांदाच त्यावर खूश होता.
अजून एक फेरी, म्हणाला, अजून आहे तिच्यात.

खोलीत येऊन मीटर लावला.
अठ्ठेचाळीस पॉइंट चार. चालेल.

त्यानंतर दर शुक्रवारी, कपडे वाळत घातल्यावर,
मी पलंगाखालून ती काढतो,
लाल वायर, काळी वायर, आकडा वहीत.
तीन. तीन. दोन. एक.
दोन महिने झाले. मग अडीच.
ऑपरेशन झालं, असा मेसेज आला.
मग कंपनीचा कागद आला नाही, असा.
मग नुसताच अंगठा.

काल सत्तेचाळीस पॉइंट नऊ होते.
अर्ध्या अँपिअरवर लावली,
कडेवरच्या लेकराला भरवावं इतकं हळू.
चार्जरचा छोटा पंखा घरघरला,
नियाज कुशीवर वळला,
आकडे सांगितल्या जागी येऊन थांबले.

त्याच्या पलंगावर आता टेकबहादूर असतो, नेपाळचा.
मान खाली घालून पलंगाखाली बघत त्यानं विचारलं,
ये किसका है? कोई नहीं लेगा तो मैं लूँ?

रजेवर आहे, मी म्हटलं,
आणि वहीत तारीख घातली.