फिन्सना डावं-उजवं नसतं

पुण्याहून पार्सल आलं
तेव्हा पैठणात बेचाळीस अंश होते.
जॅकवेलशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये
लिंबोरे उस्तादांनी खोक्याला हातच लावला नाही.
‘सांज होऊ दे. दिवसभर उभा राहिलेला पाय
खरं माप सांगतो. सकाळचा पाय
मुलगी बघायला आल्यागत वागतो.’

मी तीन महिन्यांचा नवा.
कॅटलॉगात एक पान दुमडून ठेवलं होतं मी:
निळा समुद्र, आणि लांब पात्यांवर
ताणलेला एक माणूस, सुरमईसारखा.
तेच फिन्स एका दोस्ताकडून
उसने आणून ठेवले होते पिशवीत.

उस्तादांनी पान बघितलं, हसले नाहीत.
‘त्याच्या म्होरं कासव हाय, लेका.
आपल्या म्होरं जाळी.
जाळीत जलपर्णी, खताच्या गोण्या, कुणाची चप्पल,
एकदा तर खाटेचा पाय.
दीड माणूस मावंल एवढी जागा.
लांब पातं वळताना भितीला लागतं,
अन् भितीचं शेवाळ सुटलं
की आपलाच हात आपल्याला वळखू येत नाही.’

मग दिवा लावून त्यांनी खोकं फोडलं.
आखूड, काळे, जाड रबराचे.
टोक अंगठ्यानं दाबून बघितलं,
पेरू घेताना दाबतात तसं.
‘लई मऊ असलं तर नुसतं पाण्याला रामराम करतं.
लई कडक असलं तर गुडघा मागतं.
अन् बंद टाचेचं पोहायच्या तलावात.
आपुन बाभळीच्या काट्यातून जाणार, बूट घालून,
म्हून मापही बुटासकट.’
रबरी पट्टा त्यांनी ओढला, सोडून दिला.
‘ह्यो एका उन्हाळ्यात तडकतो इथं. स्प्रिंगच पाहिजे.
चिखलाच्या बोटांनी, न बघता,
एका झटक्यात निघाला पाहिजे.
कधी काढावा लागंल, ते पाणी ठरवतं.’

उस्तादांच्या उजव्या पायाला दोन बोटं नाहीत.
पंप बंद आहे, असं
कुणीतरी फोनवर सांगितलं होतं एकदा.
म्हणून डावा दहा नंबर, उजवा आठ,
म्हणून दर खेपेला दोन जोड्या.
ऑफिसातून खिल्लारे मॅडमचा शेरा आलाच:
एका पाणबुड्यास दोन जोड्या कशास्तव?
उस्तादांनी वहीचं पान फाडून उत्तर लिहिलं:
फिन्सना डावं-उजवं नसतं.
दोन दहा, दोन आठ.
म्हणजे माझ्या मापाच्या दोन जोड्या होतात.
एक वापरात, एक राखीव.
वाया काही जात नाही, बोटं सोडून.

सकाळी उतरलो.
मी ऐकलं नव्हतं, उसने लांबच चढवले होते.
टॉर्चच्या पिवळ्या वितीत
उस्तादांचे पाय बेडकासारखे उघडत, मिटत,
आणि मागं काहीच नाही.
गाळ जिथल्या तिथे,
जणू कुणी गेलंच नाही वरून.
मी मागं वळून पाहिलं:
माझ्या पायांशी चहा उकळत होता.
तो वर आला, टॉर्च गिळला, मग उस्तादांना,
मग मला.

पाण्यात ओरडता येत नाही, हे एक बरं.
एक हात माझ्या दंडावर येऊन बसला
आणि आम्ही थांबलो,
गाळ खाली बसेपर्यंत.
सिलिंडरचा काटा उतरत होता.
वर शहराला त्या दिवशी
पाणी पाऊण तास उशिरा गेलं.

काठावर उस्तादांनी आधी दहा काढला, मग आठ,
दोन्ही सावलीत आडवे ठेवले,
पातं वाकणार नाही असे.
माझ्या लांब फिन्सकडे बघितलं.
वाटलं, आता शिव्या.
ते बिडी शोधत म्हणाले,
‘सांजच्याला ये. बूट घेऊन ये संगं.’