ग्राहकाचे नाव

योजना चांगली आहे, नाही म्हणायला जागा नाही.
घरी चार्जर बसवा, पावती जोडा,
वीज खातं पंधरा हजार परत देईल
थेट ग्राहकाच्या खात्यात.

डिचोलीच्या कचेरीत तिसऱ्या खिडकीवर
बाईंनी अर्जावर नख टेकवलं :
ग्राहक कोण?
मी बिल सरकवलं.
झिलू बाबलो आमोणकर, पिळगाव.
मंजूर भार एक किलोवॅट.
ह्यांचं बँक खातं?
बंद केलं.
ह्यांची सही?
ते नऊ वर्षांमागे गेले.
बाई हसल्या नाहीत, दचकल्याही नाहीत.
रोज एखादा मेलेला ग्राहक भेटत असावा त्यांना.
फक्त म्हणाल्या,
पण बिल वेळेवर भरतात हां.

वाड्यावर लाईन आली तेव्हा
खांब चढणीवरून खांद्यावर आणला बारा जणांनी,
त्यांतले एक बाबा.
सारमानसच्या धक्क्यावर बार्ज भरायचे ते,
घरी यायचे ते पापण्यांसकट तांबडे.
जमीन भाटकाराची,
रेशनकार्ड आजोबांच्या नावावर,
मीटर तेवढा त्यांचा.
त्या अर्जासाठी सही शिकले,
आठवडाभर, कोळशाने, न्हाणीच्या भिंतीवर.

नाव बदलायचं तर भावाची सही हवी.
उमाकांत वास्कोला असतो.
फोनवर आधी विचारलं, सबसिडी किती?
मग म्हणाला, आज मीटर, उद्या घर.
मी म्हटलं, घरात तुझा अर्धा तसाच राहतो,
आणि माझाही अर्धा,
कायदाच आहे आपल्याकडे तसा.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
चवथीला येतो तेव्हा बघू.

चवथीला आला.
नेवऱ्या खाल्ल्या, गाडीत बसला,
म्हणाला, हिला आवाजच नाही गो,
माणसं सरायची कशी बाजूला?
धक्क्यापर्यंत जाऊन आलो आम्ही.
बार्ज नव्हता. पाणी होतं, एक गरी टाकून बसलेला मुलगा होता.
परतल्यावर तो मीटरसमोर उभा राहिला,
खिशातला रुमाल काढून काच पुसली,
कोळ्याचं जाळं काढलं बोटाने.
राहू दे ना बाबांचं नाव, म्हणाला.
पंधरा हजार काय जड झाले तुला?

झालेच.
म्हापशाच्या इस्पितळात दुसऱ्यांचं रक्त तपासून
मी ही गाडी घेतली, तीही सेकंडहँड,
आणि हप्त्यांवर कुणाचं नाव आहे
ते त्याने विचारलं नाही.
हे सगळं मी म्हटलं असतं,
पण त्याच्या रुमालावर काळा पट्टा उमटला होता
आणि तो घडी घालून परत खिशात ठेवत होता.

एकतीस मार्च गेला.

आता गाडी रगड्याच्या प्लगवर लावते,
वायर खिडकीतून, खाली गोणपाट.
गाडी पीत असताना मिक्सर लावायचा नाही,
इस्त्री नाही, गीझर नाही.
तरी बल्ब कधीकधी मान खाली घालतो.
पडवीत लाल ठिपका रात्रभर लुकलुकतो,
आयुष्यात सायकलही न चालवलेल्या माणसाच्या नावावर
महिन्याला आठशे किलोमीटर.

काल लाईनमन नोटीस देऊन गेला.
श्री. झिलू बाबलो आमोणकर,
आपला वापर मंजूर भारापेक्षा जास्त आढळला आहे.
सात दिवसांत खुलासा करावा.

कोरा कागद घेतला. तारीख घातली.
महोदय, लिहिलं.
मग न्हाणीत गेले, उगाच,
भिंतीला दोनदा ऑइलपेंट झालाय हे माहीत असून.
झ काढताना त्यांचा हात मधेच थांबायचा,
पुढे कुठे वळायचं ते आठवेपर्यंत.
माझाही थांबलाय.