टोकाची घरं

धंतोलीत, तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टर फिल्म उजेडाला लावतात,
पेनच्या टोकानं दाखवतात पांढरे डाग,
भिंतीला आतून ओल धरावी तसे.
"नसा कडक झाल्यात. अरुंद झाल्यात.
जुने पाइप समजा."

बाबा खुर्चीत ताठ होतात.
हिरामण शेंद्रे, व्हॉल्व्हमन, चौतीस वर्षं.
"कोणते पाइप? बीडाचे का जीआयचे?"
डॉक्टर हसतात. बाबा हसत नाहीत.
"बीडाचा आतून गाठी धरते. जीआयचा सडते.
दोघाईचा इलाज अलग राहते."

डॉक्टर मग माझ्याशी बोलू लागतात.
मोठ्या नसा ठीक आहेत म्हणे,
त्रास बारक्यांचा, खोल गेलेल्या,
जिथं रक्त सगळ्यात शेवटी पोचतं.
बीपी वीस वर्षांचं.
गोळी कधी घेतली, कधी शर्टाच्या खिशात धुतली गेली.
गेलं ते येणार नाही. उरलं ते सांभाळा.

"टेलएंड," बाबा म्हणतात.
आणि लिफ्टपाशी
कोणतं बटण दाबायचं ते
बराच वेळ पाहत राहतात.

उतारानं नाही आलं हे. पायऱ्यांनी आलं.
एका मंगळवारी चहा करायला घेतला:
पाणी, साखर, दूध, पुन्हा साखर.
पत्ती डब्यातच.
मग चार महिने काहीच नाही,
आम्ही म्हटलं, थांबलं.
मग पाय फरशीला चिकटू लागले.
मग साबणाच्या जाहिरातीतलं बाळ पाहून रडू,
आवरता न येणारं.

पण विचारा, टिमकीच्या व्हॉल्व्हला किती फेरे?
"अकरा. बाराव्याले दांडा तुटते."

मे महिन्यात
शेवटच्या गल्लीतल्या बाया रिकामे गुंड घेऊन
आमच्या दारात यायच्या, बाबांचा उद्धार करायच्या,
आई त्यांनाच पाट द्यायची बसायला.
बाबा पहाटे तीनला
सायकलच्या दांडीला लोखंडी चावी बांधून निघायचे.
त्या गल्लीसाठी अर्धा फेरा जास्त.
रजिस्टरात नोंद नाही.

आता पट्टा मी बांधते त्यांच्या दंडाला.
फुगतो, सुस्कारतो, आकडा देतो.
वहीत लिहिते. लोणचं वरच्या फळीवर.
ऊन उतरलं की पानठेल्यापर्यंत चालवत नेते,
तिथं तंबाखू मागतात, मी नाही म्हणते,
रागावतात, विसरतात, परत येतो.
अर्धा फेरा.

आज सकाळी माझ्याकडे पाहून तोंड उघडलं
आणि काही आलं नाही.
नळाला आधी हवा येते, हे मला त्यांनीच शिकवलंय,
नळ खोकतो, थुंकतो, तांबडं पाणी येतं दोन ओंजळी,
तेव्हा भांडं काढून घ्यायचं नसतं.

माझं नाव आता
कुठल्याशा गल्लीच्या अगदी शेवटी राहतं.
मी सुचवत नाही. शेजारी बसून राहते.

"आलं का टोकाले?" ते विचारतात.

"येऊन राहिलं, बाबा."