नव्व्याण्णव पेन्स

ग्रिम्सबीची लाँड्री. ड्रायरला अजून चाळीस मिनिटं.
नव्व्याण्णव पेन्सचा खेळ घेतलाय:
दीपगृह, कुलूप, रखवालदार गायब.

मी लगेच किल्ली शोधत नाही.
नारळ कानाशी हलवून बघावा
तशी आधी बिनकामाच्या वस्तूंना बोट लावते.
मागच्या फुकट्या खेळात
दहाव्या मिनिटाला कंदील विझला,
तेल हवं तर पैसे टाक म्हणाला.
काढून टाकला.

इथे खुंटीवर ओला कोट.
बोट टेकलं.
‘एक बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंय.’
बस, एवढंच.
कोड्याशी काही संबंध नाही,
तरी कुणीतरी बसून लिहिलं हे,
इतक्या स्वस्तात.

ड्रायर कधीचा थांबलाय.
ऑल्डरटनबाई माझ्याच चादरींच्या घड्या घालतायत,
आणि मी अजून
पहिल्या खोलीत.