अडतीस सेकंद

आप्पांचं स्टॉपवॉच कुस्तीचं.
तालमीच्या मैदानात पंचांच्या शेजारी बसून
तीस वर्षं त्यांनी फक्त वेळ लावली.
कोण पडलं, हे ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचत.

आता गुडघे गेलेत. स्टॉपवॉच राहिलंय.
दुपारी दोनला कुठलंसं चॅनेल
ती जुनी मालिका दाखवतं, ‘सोळा नंबरचा जिना’,
आणि नाव उमटायच्या आत
मंगळवार पेठेत आप्पांचा अंगठा दाबला जातो.

वहीत दोन रकाने.
तेव्हा : चोवीस मिनिटं चाळीस.
आता : एकवीस पाच.
मधली बनियनमध्ये आणि टाइल्समध्ये गेली, म्हणतात,
जसं कुणी म्हणावं, रंकाळ्यात गेली.

विनोद कापत नाहीत ते. विनोद सगळे जागेवर.
कापतात ते चालणं.
जिना चढणं, कुलूप न उघडणं.
घरमालक चष्मा शोधायचा तेव्हा तीन खोल्या पालथ्या घालायचा,
आता पहिल्याच खोलीत त्याला सापडतो,
आणि तो कपाळावरच होता हे आपल्याला कळेपर्यंत
त्याचा अर्धा पेपर वाचून झालेला असतो.

भाग अकरा.
आप्पा म्हणाले, वाटीचा सीन गेला.

वरची बाई खालच्या बाईची वाटी परत द्यायला येते.
भांडण झालेलं. दार उघडतं. कुणी बोलत नाही.
रिकामी देऊ नये म्हणून वाटीत चार शेंगदाणे.
खालची बाई ते मोजते.
मग दोघी हसतात.
अडतीस सेकंद.

आई लसूण सोलत होती.
‘असला सीन नव्हताच.’
‘होता.’
‘नव्हता ओ. तुमचं आपलं कायतरीच.’

आप्पा मैदानातसुद्धा कधी वाद घालत नसत.
त्यांनी मला माळ्यावर चढवलं.
बिस्किटाच्या डब्यात कॅसेटी, तेव्हा रविवारी
टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या.
पेन्सिल घालून फिरवली. बटण खटकन बसलं.

आधी खरखर. मग शीर्षकाची पेटी.
मग माझं रडणं. मी चार वर्षांची,
कशासाठी ते टेपवर नाही.
कुणीतरी सायकल लावतंय.
घरमालकाच्या तीन खोल्या, एक, दोन, तीन,
नुसती दारं ऐकू येतात.

आणि मग तो सीन.
पडद्यावर कुणी बोलत नाही,
म्हणून टेपवर फक्त आमची खोली.
पंखा.
एक बाई म्हणते, ‘माझी वाटी कुठाय गं तुझ्याकडची?’
दुसरी म्हणते, ‘बघ की मालन, शेंगदाणं संपल्यात.’
आणि दोघी हसायला लागतात ते इतकं
की पुढचे दोन संवाद
आजवर आम्हाला माहीत नाहीत.

दुसरी बाई आई आहे.

मालन सुतारीण भिशीच्या पैशावरून तुटली
ते मी सातवीत असताना.
स्वयंपाकघराची तिच्याकडची खिडकी तेव्हापासून लावलेली,
वर कॅलेंडर. दरवर्षी नवं.
तिला तिचा मुलगा उचगावला घेऊन गेला
तरी खिडकी तशीच.

आईनं लसूण खाली ठेवला.
‘किती सेकंद म्हणालात?’
आप्पांनी स्टॉपवॉच लांब धरून बघितलं.
‘एकेचाळीस. टेप ताणलीय.’
‘मग तीन कुणाचे?’
याचं उत्तर कुणाकडं नव्हतं.
ती आत गेली. बराच वेळ
मांडणीवरची भांडी सरकत होती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर
स्टीलची एक वाटी पालथी घातलेली दिसली,
चिंच लावून घासलेली, काठाला
टिंबाटिंबांनी कोरलेलं : मा. सु.
मी काही विचारलं नाही.
आई म्हणाली, तिथनं उचलू नको.

दोन वाजले. भाग बारा.
आप्पांनी अंगठा ठेवला,
आणि पहिल्यांदाच बघितलं,
नाव येऊन गेलं तरी
दाबला नाही.